रिकाम्या बसचा प्रस्ताव

परवा मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक सर माझ्या वर्गात आले आणि म्हणाले, "मॅडम, एका नव्या कंपनीचा सीएसआर आलाय. प्रस्ताव तुम्हीच लिहा, तुमची भाषा चांगली आहे." मी डबा खात होते. भेंडी छान परतली गेली होती, पण तो शब्द कानावर पडला आणि घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला. म्हटलं, "सर, मी लिहिणार नाही. आता नाही आणि पुढंही नाही." सरांना वाटलं मी भाव खातेय. म्हणाले, "असं काय करता मॅडम? शाळेसाठी मागायला कसली लाज?"

मागायची लाज मला कधीच नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करायची आणि मागायला लाजायचं, हे जमणारच नाही. खडू मागा, पंखा मागा, टाकीचं झाकण मागा. मागायला तर मी शाळेत सगळ्यांच्या पुढं. मला शिसारी आलीय ती देणाऱ्यांची. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातला थोडा वाटा समाजासाठी खर्च करायचा असा कायदा आहे, आणि त्या पैशाला आमच्या पट्ट्यात शेंबडं पोरसुद्धा सीएसआर म्हणतं. मार्च जवळ आला की हा पैसा शाळा शोधत फिरतो. आला की भिंत रंगवून जातो. आमच्या शाळेची रस्त्याकडची एकच भिंत लागोपाठ कंपन्यांनी रंगवली; एकीच्या फुलपाखरांवर दुसरीचे हत्ती बसले. आत पाचवीच्या वर्गाचं छत गळतंय ते गळतंयच, कारण छत फोटोत येत नाही.

भिंतीचं जाऊ द्या. मला सांगायचंय ते बसचं.

मी राहते निगडीला, प्राधिकरणात. तिथून तळवड्यावरून स्कूटर मारत चाकणच्या अलीकडच्या एका गावात येते. रस्ता म्हणजे नुसते कंटेनर. स्कूटरवरची बाई त्यांना दिसतच नाही, किंवा दिसते आणि फरक पडत नाही. गावात जुन्या शेतकरी घरांची मुलं पिवळ्या गाडीत बसून इंग्लिश मीडियमला जातात. आमच्याकडे येतात ती भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांमधली, लातूर, नांदेड, बीडकडून कामाला आलेल्यांची. आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीला चाकणच्या बाजूला हायस्कूल आहे, चार-पाच किलोमीटरवर. मुलं जातात, टेम्पोला लटकतील, कुणाच्या तरी मोटरसायकलवर तिघं बसतील, पण जातात. मुली सातवीनंतर घरी बसतात. दरवर्षी. मी या शाळेत आल्यापासून हेच बघत होते.

त्या वर्षी सातवीत एक मुलगी होती. लातूरकडची. बाप एका शेडमधल्या छोट्या वर्कशॉपमध्ये, आई चाकणच्या बाजारात कांदा निवडायला. हुशार वगैरे म्हणतात तशी नव्हती, पण भांडखोर होती. मी फळ्यावर काही लिहिलं की हिचं "कामून पण बाई?" सुरूच. विज्ञानाच्या पुस्तकात कांद्याच्या पापुद्र्याचं चित्र होतं, सूक्ष्मदर्शकातून दिसतं तसं, विटा रचल्यासारख्या पेशी. ते तिला पटेना. म्हणाली, "आई रोज पोतीच्या पोती कांदे बघते बाई, तिला कधी घरं दिसली न्हाईत त्याच्यात." मी म्हटलं, आठवीला हायस्कूलमध्ये सूक्ष्मदर्शक आहे, तिथं जा आणि स्वतः बघ. झालं! तेव्हापासून बाईसाहेबांच्या डोक्यात एकच, आठवीला जायचं आणि कांदा बघायचा.

तिच्या आईला मी शाळेत बोलावून घेतलं. ती बाजारातून थेट आली, कपड्यांना कांद्याचा वास. मी आपलं नेहमीचं सुरू केलं, मुलगी शिकली की असं आणि तसं. तिनं मध्येच तोडलं. "मला कळायलंय बाई. पण तुम्ही रोड बघितलाय का? मोठी माणसं चाकाखाली सापडायलीत. आन त्या टपऱ्यांवर बसलेले माणसं? पोरगी एकटी कशी धाडू? गाडी असंल तर धाडते. शप्पत. गाडी न्हाई तर शाळा बी न्हाई." यात चुकीचं काय होतं? काहीच नव्हतं. मीही माझ्या मुलीला त्या रस्त्यानं पाठवलं नसतं.

आणि गाडी तर रोज आमच्या नाकासमोरून जात होती!

गावाच्या तळवड्याकडच्या अंगाला एक मोठी कंपनी आहे. तिची बस सकाळी चाकणकडून माणसं घेऊन येते, कंपनीत उतरवते, आणि आमचा पहिला तास चालू असताना परत चाकणकडे जाते. रिकामी. संध्याकाळी चाकणकडून माणसं न्यायला येते, तीही रिकामी. बरोबर हायस्कूल भरायच्या वेळेला जाते आणि सुटायच्या वेळेला येते, आणि हायस्कूलच्या दारावरूनच. खिडकीशी उभी राहून मी ती बस बघायचे आणि मला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटायचं. वा! नवं काही विकत घ्यायला नको, एक लिटर डिझेल जास्त जळायला नको. कुणीतरी फक्त दार उघडायचं आणि मुलींना बसू द्यायचं.

त्याच कंपनीचा सीएसआर तेव्हा आला होता. कंपनी स्वतः येत नाही. मध्ये एक संस्था असते, ती शाळा शोधते, प्रस्ताव मागवते, कागद रंगवते. मी रविवार घालवून प्रस्ताव लिहिला. सातवी पास होणाऱ्या मुलींना रिकाम्या जाणाऱ्या बसमध्ये जाता-येता बसू द्यावं, एवढंच. अपेक्षित परिणाम या रकान्यात लिहिलं, मुली आठवीला जातील. त्यापेक्षा जास्त काय लिहिणार?

संस्थेची एक मॅडम आली. चोविशी-पंचविशीची, छान कुडता, बोलायला अगदी गोड. प्रस्ताव वाचून म्हणाली, "मॅम, खूपच टचिंग आहे. पण ट्रान्सपोर्ट रिकरिंगमध्ये येतं, दर महिन्याचा खर्च. आम्हाला असेट दाखवावा लागतो. म्हणजे वस्तू."

"अहो, पण मी खर्च मागतच नाहीये. बस आहे, ड्रायव्हर आहे, ती रोज जातेच आहे."

"तोच प्रॉब्लेम आहे ना मॅम," ती खरोखर कळवळून म्हणाली. "खर्चच नाही झाला तर मग आमची कंपनी देतेय काय?"

पोरगी वाईट नव्हती हो. तिला जे शिकवलं होतं ते ती बोलत होती. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. मुलगी आठवीला गेली की नाही याच्याशी या माणसांना कर्तव्य नव्हतं. आपण काही दिलं हे दिसलं पाहिजे, बस्स.

मी म्हटलं, ठीक आहे, आपण दुसऱ्या दाराने जाऊ. बस कंपनीची नव्हतीच मुळात. ती होती गावातल्याच एका भाऊंची. त्यांची जमीन कंपन्यांत गेली, त्या बदल्यात गाड्यांचं कंत्राट मिळालं. आता दारात गाड्यांची रांग, बंगल्यावर दगडी सिंह. आणि हेच भाऊ आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष! म्हणजे घरचंच काम. मी बंगल्यावर गेले. चहा दिला, वहिनींनी वर चिवडाही दिला. भाऊ म्हणाले, "बाई, आमचं काय न्हाई. पोरी काय आमच्या न्हाईत का? पर गाडी कंपनीला लावलेली हाय. कंपनीनं लिहून द्यावं, आमी बसवतो."

कंपनीत गेले. दोन तास गेटवर बसवून ठेवलं, मग एचआरचे एक साहेब स्वागतकक्षात उभ्या उभ्या भेटले. म्हणाले, "मॅडम, बस व्हेंडरची आहे. तो त्यांचा विषय आहे. त्यांनी नेल्या तर आम्हाला माहीतही होणार नाही." परत भाऊंकडे. भाऊ म्हणाले, "असं तोंडी न्हाई जमायचं, उद्या काय झालं तर?" परत साहेबांना फोन, साहेब मीटिंगमध्ये. घोडं कुठं पेंड खातंय ते मला कळत होतं, पण दोघांपैकी एकाचंही तोंड मला धरता येईना. एकाला सही करायची नव्हती आणि दुसऱ्याला सहीशिवाय चालत नव्हतं.

तेवढ्यात मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही ताणून धरू नका. ते म्हणतील तसा प्रस्ताव बदलून देऊ." मी म्हटलं, मी बदलणार नाही. मग तो त्यांनी स्वतःच बदलून दिला. काय बदलला विचारलं तर म्हणाले, "मुलींच्या जाण्यायेण्याचंच आहे, काळजी करू नका. संस्थेनं सांगितलंय, कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत कुणाला बोलायचं नाही. मुलींचा आनंद कॅमेऱ्यात एकदम आला पाहिजे."

मुलींच्या जाण्यायेण्याचंच! हे एवढंसं वाक्य वर्गात पोचायला कितीसा वेळ लागणार? मुलींनी ठरवून टाकलं, बस मिळाली. खोटं कशाला बोलू, मलाही आतून तसंच वाटायला लागलं होतं. म्हटलं, भाऊंचं आणि साहेबांचं जमलं असेल. कॅमेऱ्यापुढं का होईना, दार उघडू दे.

कार्यक्रमाची तयारी आठवडाभर चालली. अभ्यासाला कुलूप. लेझीम, स्वागतगीत, रांगोळी, शाल-नारळ. शाली आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून आणल्या, कारण देणाऱ्याचा सत्कार घेणाऱ्यानं करायचा असतो, हा आमचा रिवाज. संस्थेच्या मॅडमनं निरोप दिला, मुलींनी दप्तरं भरून आणावीत, फोटोत चांगली दिसतात. पाहुण्यांना ओवाळायला ताट धरणार कोण, तर तीच, लातूरची. आईनं तिला आपली एकुलती एक चांगली ओढणी दिली होती, ती तिनं पिना लावून पाठीवर बसवली होती, दप्तराच्या पट्ट्याखाली.

आणि फाटकातून बस आत आली. तीच. रोज रिकामी जाणारी. तिच्या तोंडावर कापडी फलक बांधलेला: "शिक्षणाच्या वाटेवर आम्ही तुमच्याबरोबर". आतून एकसारखे टी-शर्ट घातलेले कंपनीचे लोक उतरले, एचआरचे साहेब उतरले, संस्थेची मॅडम उतरली. मुली रांगेत उभ्या होत्या. ताटवाली पुढं. साहेबांनी कपाळ थोडं पुढं केलं.

ती त्यांच्या बाजूनं सरळ निघून गेली.

आमच्या भागात घरी नवी गाडी आली की आधी तिची पूजा होते. मग ती जुनी मोटरसायकल का असेना. बाई ताट घेऊन बाहेर येते, गाडीला हळदकुंकू लावते, स्वस्तिक काढते, ओवाळते, आणि मगच गाडी घरची होते. या पोरीनं तेच केलं. टाचा उंचावून बसच्या तोंडावर, त्या फलकाच्या खाली, बोटानं स्वस्तिक काढलं. अक्षता टाकल्या. निरांजन ओवाळलं. मागच्या मुलींनी न सांगता टाळ्या वाजवल्या. तिच्या तोंडावर जे होतं ते मी काय सांगू? लग्नघरातल्या थोरल्या बाईसारखी गंभीर झाली होती ती, आणि हसू मात्र आवरत नव्हतं.

टी-शर्टवाल्यांना आधी कळेना. मग सगळ्यांचे फोन बाहेर आले. "सो क्यूट!" "अरे, बसची पूजा करतेय!" कॅमेरावाला पळत आला; त्याचं पहिलं चित्रण हुकलं होतं. म्हणाला, "बाळा, परत एकदा कर ना. इकडं तोंड करून." आणि तिनं परत केलं. ओल्या कुंकवावर परत बोट फिरवलं. मी पुढं झाले, पण माझ्या आधी तिनं ताट मैत्रिणीच्या हातात दिलं, पायरीवर डोकं टेकवलं, आणि दप्तरासकट बसमध्ये चढली. तिच्यामागं सातवीच्या सगळ्या मुली. पटापटा खिडक्या धरून बसल्यासुद्धा.

"ए पोरींनो, उतरा खाली! शिटांना पाय लावू नका," भाऊ ओरडले. एवढा वेळ ते कौतुकानं बघत होते हं. गाडीची पूजा झालेली कुणाला नको असते?

साहेब माझ्याकडे आले. "मॅडम, प्लीज त्यांना उतरवा. इन्शुरन्सचा विषय आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बसच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "तुम्ही म्हणालात बस यांची. हे म्हणाले परवानगी तुमची. आता दोघंही इथं आहात, बसही इथं आहे, मुलीही आत बसल्यात. बोला. एक शब्द बोला आणि विषय संपवा." दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला अजून आठवतंय, अगदी शेजारी शेजारी उभे होते, खांद्याला खांदा लागत होता. साहेबांनी घड्याळ बघितलं. भाऊ म्हणाले, "बाई, पावणे आलेत, आता कशाला ते. कार्यक्रम झाल्यावर बघू की."

मुख्याध्यापक सरांनी शिट्टी वाजवली. शिट्टी वाजली की मुली हलतात, सवयच आहे. एकेक उतरल्या. ती नाही उतरली. पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आत गेले, तिच्या शेजारी बसले.

"बाई, ही आपली हाय ना?"

"नाही गं. दुसरं काहीतरी आणलंय त्यांनी. ही पाहुण्यांना घेऊन आलीय फक्त."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मग मला कुंकू कामून लावू दिलं?"

ती आपणहून उठली. मी हात पुढं केला होता, तो न धरताच खाली उतरली.

आणलं होतं ते म्हणजे सायकली. गुलाबी, पुढं टोपली, टोपलीवर कंपनीच्या नावाची पाटी. रात्रीतूनच स्टोअररूममध्ये आणून ठेवल्या होत्या. त्या रस्त्यासाठी सायकली! निम्म्या मुलींना चालवताही येत नव्हत्या, तर टी-शर्टवाल्यांनी मागून सीट धरून एकेकीला मैदानात फेरी मारायला लावली, चित्रण होईपर्यंत. साहेब भाषणात म्हणाले, "आज या लेकींच्या शिक्षणाला चाकं मिळाली." टाळ्या. मग भाऊंचा विशेष सत्कार, का तर पाहुण्यांसाठी बस मोफत दिली म्हणून. आमच्या वर्गणीची शाल त्यांच्या खांद्यावर पडली. आयजीच्या जिवावर बायजी उदार! मी मागे उभी राहून नारळ पुरवत होते, आणि मला वाटत होतं की एक नारळ आता बसच्या काचेवर घालावा.

दुसऱ्या दिवशी तिची आई सायकल हातानं ढकलत शाळेत आली. "बाई, म्या सायकल मागितली व्हती का? ह्या रोडनं सायकल धाडू पोरीला?" मग ती सायकल बाप वर्कशॉपला न्यायला लागला. सहा फुटी माणूस, गुलाबी सायकल, टोपलीत डबा. मला त्याचं काही वाटत नाही. एवढ्या सगळ्या तमाशात ती एकच वस्तू कुणाच्या तरी उपयोगाला आली.

जूनमध्ये मुलग्यांचे दाखले नेले गेले, मुलींचे राहिले, तिचाही. मी खोलीवर गेले. धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, मी सोडते तुला स्कूटरवर, पण हायस्कूल भरतं तेव्हा माझा वर्ग चालू असतो. शेअर रिक्षा विचारली, तो एका पोरीसाठी थांबेना, आणि आईला रिक्षातल्या पुरुषांचा भरवसा वाटेना. भाऊंकडे आणखी एकदा गेले. या वेळी चिवडा नव्हता. कंपनीत आणखी एकदा गेले. साहेबांची बदली झाली होती आणि नव्या साहेबांना आमच्या शाळेचं नावही माहीत नव्हतं, तरी त्यांच्या मागच्या भिंतीवर मोठा फोटो लावलेला होता. गुलाबी सायकलींचा.

पावसाळ्यात संस्थेच्या मॅडमनं मला व्हिडिओ पाठवला. कंपनीनं बनवलेली फिल्म. सुरुवातच तिच्यापासून. ते बोट, ते स्वस्तिक, सगळं संथ गतीनं, मागं बासरी. खाली अक्षरं: एका मुलीची कृतज्ञता. मी फोन उलटा करून ठेवला. कसली कृतज्ञता? गाडी आपली समजून पोरीनं ती घरात घेतली होती, आणि या लोकांनी पोरीला उतरवून कुंकू तेवढं ठेवून घेतलं.

पुढं ते बिऱ्हाड चाकणला गेलं, आईच्या बाजाराजवळ. तिथून हायस्कूल जवळ होतं, पण तोवर मधली वर्षं गेली होती, धाकटा भाऊ होता, आणि आठवीला बसायची तिला लाज वाटायला लागली होती. हे मला दुसऱ्या एका पालकानं सांगितलं. नंतर काही कळलं नाही.

गेल्या महिन्यात सकाळी शाळेपुढं नेहमीसारखा जॅम लागला होता. मी फाटकात उभी राहून मुलांना आत घेत होते. चाकणकडून आलेली कंपनीची बस अडकून नेमकी फाटकासमोर थांबली, आणि वरून हाक आली, "बाई! ओ बाई!"

वर बघितलं. निळी टोपी, निळा गणवेश, गळ्यात कार्ड. क्षणभर ओळखलंच नाही. मग हसली आणि ओळखलं.

"हाऊसकीपिंगला लागलेय बाई, कंपनीत. भाऊंच्याच कंत्राटात. अठरा झाले की लगेच घेतलं."

"बरी आहेस ना गं?"

"लई बरी!" तिनं पुढच्या सीटच्या दांड्यावर थाप मारली. "बघा, हीच जागा बाई. तवा बसले व्हते ना, तीच. मैत्रीण धरून ठेवते रोज. आता उतर म्हणत न्हाई कुणी."

तीच बोलत होती, आनंदानं. आई बरी आहे, भाऊ दुसरीत आहे. पुढचा कंटेनर हलला तशी ती खिडकीतून वाकून म्हणाली, "हायस्कूलवरनंच येते ही बस. पोरी शाळेला जायलेल्या दिसतात रोज. बाई, ते कांद्याचं खरं असतं का वो?"

"खरं असतं," मी ओरडून सांगितलं. तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही, बस निघाली होती.

मी वर्गात आले. सातवीचा पहिला तास, विज्ञान. फळा पुसत होते तेवढ्यात माणसं उतरवून बस परत चाकणकडे निघाली. नेहमीसारखी रिकामी. खिडकीशी बसलेली एक मुलगी, आता जूनमध्ये तिचाही आठवीचा प्रश्न येणार आहे, ती बसच्या मागं मान वळवत बघत राहिली. म्हणाली, "बाई, रोज जाते ही. हिच्यात कोणच बसत न्हाई का?"

मी तिला पुस्तक उघडायला सांगितलं.